अंगावर काढणं

‘काढणं’ या एका क्रियापदासाठी मी वहीची मागची पानं राखून ठेवली आहेत. दिवस काढणं, कर्ज काढणं, लेकराची दृष्ट काढणं. माझी आजी दंडावरचा गोल वण दाखवून म्हणायची, ‘मला देवी काढल्यात.’ रोगाचं नाव देवी, आणि त्याची लस टोचून घेणं म्हणजेही देवी काढणं. मग येतं अंगावर काढणं. आणि बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं, पिशवी काढणं.

वैद्यकीय मानवशास्त्र हा माझा विषय. रोग काय आहे ते डॉक्टर शोधतात. ज्याला तो झालाय त्याचं त्याबद्दल काय म्हणणं आहे, तो ते कुणाला सांगतो, कुणापासून लपवतो, दवाखान्याच्या वाटेवर त्याला कोण कोण अडवतं, ते आम्ही बघतो. आर्थर क्लाइनमन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने तैवानमधल्या कामातून रोग आणि आजारपण यांतला फरक मांडला, आणि रुग्णाला विचारायचे काही साधे प्रश्न दिले. हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं? तेव्हाच का सुरू झालं? भीती कशाची वाटते? मराठीला हा फरक मुळीच नवा नाही. रोग वेगळा, दुखणं वेगळं आणि भोग आणखी वेगळा. पण भाषेत आहे म्हणून कानाला लगेच कळतं असं नाही. मला कळलं नव्हतं.

पहिल्या वर्षी माझ्या हातात छापील फॉर्म होता. ऊस तुटून रिकाम्या झालेल्या फडाच्या कडेला कोप्या होत्या, आणि एका कोपीसमोर पाचटावर आम्ही दोघी बसलो होतो. ती माझ्याहून बरीच लहान, तिशीही न गाठलेली. पहाटे अंधारात फडात गेलेली, दुपार टळल्यावर परतलेली. दोरीवर लुगडं वाळत होतं आणि त्याच्या आतल्या बाजूला, उन्हाला आणि कुणाच्या नजरेला दिसणार नाही असा, जुन्या साडीचा तुकडा. ओलाच. मी विचारलं, ‘त्रास काय होतो?’

‘पांढरं जातंय की, ताई. समद्यांनाच जातं.’

‘कधीपासून?’

‘धाकटा मोळीवर बसाया लागला तवापासनं.’

मी धाकट्याचं वय विचारलं, मनात वजाबाकी केली आणि ‘आजाराचा कालावधी’ या चौकटीत ‘३ वर्षे’ लिहिलं. फॉर्म बरोबर भरला होता. माझ्या हातून गेलं ते तिचं वाक्य. बाळंतपणानंतर ती किती लवकर फडात परतली, बसू लागलेलं मूल मोळीवर ठेवून ती कोयता कशी चालवत होती, हे सगळं त्या वाक्यात होतं. मी त्याचा आकडा केला. ते वाक्य मला आज आठवतं ते केवळ योगायोगाने, समासात पेन्सिलीने खरडलं होतं म्हणून.

तारखेच्या जागी माणूस जी खूण सांगतो, ती खूणच नोंदवायची, हे मी तिथे शिकले. ‘कधीपासून’ विचारल्यावर लगेच पुढच्या प्रश्नाकडे जायचं नाही. तेव्हा घरात काय चाललं होतं ते विचारायचं, आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम हंगामाआधीच दोघांच्या नावावर उचल देतो, आणि मग हंगामभर ती फेडत राहायची. एक दिवस काम बुडालं की खाडा, खाड्याचा दंड उचलीत चढतो. बाई आजारी पडली की कोयता मोडतो, म्हणजे नवऱ्याचंही काम अडतं. अशा हिशेबात ‘पट्टा पडला की बघू’, म्हणजे हंगाम संपल्यावर बघू, हे उत्तर अडाणीपणाचं नसतं. त्यामागे पक्की बेरीज-वजाबाकी असते. बायका निष्काळजी आहेत, असं कुणी अजूनही माझ्यासमोर म्हणालं तर मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

हे दुखणं काही ऊसतोडीपुरतं नाही. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. तपासलेल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी वा उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बायकांच्या बोलण्यावर पुढे राणीताईंनी लिहिलेल्या पुस्तकाचं नाव ‘कानोसा’ आहे. मला आमच्या कामासाठी याहून नेमका शब्द सापडलेला नाही. त्या अभ्यासानंतर तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीडचे आकडे आले. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. शंभरात जवळजवळ सतरा. देशभरात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं.

अंगावर काढण्यापासून पिशवी काढण्यापर्यंतची वाट किती छोटी आहे, ते मला कोपीसमोर भेटलेल्या त्याच बाईच्या घरी, पावसाळ्यात कळलं. तिचं ऑपरेशन होऊन काही महिने झाले होते. ‘गोळ्यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मग डाक्टर म्हनले, पिशवी सडलीय, ठेवली तर कॅन्सर होतो. लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम?’ बऱ्याचदा औषधांनी बरा होणारा जंतुसंसर्ग, आणि त्यावर हा इलाज. आता कंबर भरून येते, अंगातून वाफा निघतात. अंडाशयंही काढली का, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. कागदावर होतं ते इंग्रजीत.

या वेळी फॉर्म नव्हता. मी विचारलं, ‘भीती कशाची वाटली?’

ती पीठ मळत होती. बराच वेळ मळत राहिली.

‘कॅन्सरची वाटली. पन त्याहून, दर म्हैन्याला खाडा पडला तर उचल फिटंना, त्याची. दर साली आजारी पडन्यापरीस एकदाच काय ते होऊन जाऊ दे म्हनलं.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘काढल्यावर ह्यांना दाखवली म्हनं, थाळीत. मला न्हाई दाखवली.’ पिठाचे हात तिने हवेत लांब केले, बाजाराच्या पिशवीएवढे. ‘केवढी असती ओ ताई?’

मी मूठ मिटून दाखवली. साधारण एवढी.

तिने स्वतःची मूठ मिटली, उलटी-सुलटी करून पाहिली. बोटांच्या सांध्यांत पीठ होतं, आणि अंगठ्याच्या बुडाशी कोयत्याचा घट्टा.

‘एवढीच?’ ती म्हणाली.