पोवळ्यांचे बिऱ्हाड

साठी उलटलेल्या माणसाने काशीला जावे, की पाठीवर पोतडी टाकून विशीतल्या पोरांबरोबर शिडाच्या जहाजावर निजावे? काशी जागची हलत नाही, असा विचार करून मी दुसरे पत्करले. ब्रिस्बेनच्या भाच्याने पोतडी दिली, विमानात बसवून दिले, आणि २०२४ च्या मार्चमध्ये मी ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरील एर्ली बीच या गावी येऊन थडकलो.

समोर व्हिटसंडे बेटे, एकंदर ७४. १७७० साली कॅप्टन कुक इथून गेला तो दिवस ख्रिस्ती पंचांगातला व्हिटसंडे समजून त्याने हे नाव ठेवले. त्यापूर्वी हजारो वर्षे न्गारो लोक झाडाच्या सालीच्या होड्यांतून या बेटांमध्ये वावरत होते. पण बारसे करताना घरच्यांना विचारण्याची त्या काळच्या दर्यावर्दींत पद्धत नसावी.

आमचे जहाज उमेदीच्या काळात शर्यतीत धावलेले. चढताच सर्वांची पायताणे एका पोत्यात गेली. तांडेल एक पस्तिशीची, उन्हाने रापलेली बाई. तिने हुकूम सोडला की जर्मन, फ्रेंच, आयरिश आणि रत्नागिरीकर असे सगळे मिळून दोर ओढायचे. शिडात वारा भरला, की जहाज एका अंगावर कलंडे आणि आम्ही वरच्या कडेला पाय सोडून ओळीने बसत असू. व्हाइटहेवनचा ७ किलोमीटरचा पांढराशुभ्र किनारा पाहिला. तिथली वाळू जवळजवळ निव्वळ सिलिकाची, त्यामुळे भर उन्हातही तळवे भाजत नाहीत. पण माझा जीव होता पाण्याखालच्या पोवळ्यांत.

मंगळाच्या अंगठीतले लाल पोवळे निराळे. ते भूमध्य समुद्राकडचे. ही प्रवाळे आपल्या मालवणला सिंधुदुर्गाभोवती आहेत त्या जातकुळीतली. विषारी जेलीफिशच्या भीतीने नखशिखांत घट्ट पोशाख चढवून मी पाण्यात तोंड घातले. कुठे सांबरशिंगे, कुठे मेंदूच्या वळ्या! पोपटमासे पोवळी कुरतडत होते, तो चकणा खाल्ल्यासारखा आवाज पाण्यातही स्वच्छ ऐकू येत होता.

पलीकडे एक मोठे पोवळे मात्र पांढरेफटक होते. एक फ्रेंच मुलगी वर येऊन ओरडली, “किती सुंदर! अगदी नवरीसारखे!” तांडेलीण काहीच बोलली नाही.

रात्री नांगर टाकल्यावर तिने तो प्रकार समजावून दिला. पोवळे हे झाड नव्हे, दगडही नव्हे. चिमुकल्या प्राण्यांची ती चाळ. प्रत्येकाच्या अंगात सूक्ष्म शेवाळाचे बिऱ्हाड असते. हा भाडेकरू उन्हावर अन्न शिजवतो आणि त्यातले बहुतेक घरमालकालाच देतो (असा भाडेकरू गिरगावात कुणाला मिळाला नाही!). रंगही त्याचाच. पण नेहमीच्या कडक उन्हाळ्याहून पाणी एखाद्या अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की मालक भाडेकरूला बाहेर काढतो. मग उरते ती आरपार दिसणारी कातडी आणि आतला पांढरा चुना. ती नवरी नव्हती, उपाशी होती. पाणी वेळेवर निवले तर बिऱ्हाड परत येते. नाही तर महिन्या-दोन महिन्यांत सगळ्यावर शेवाळाची बुरशी चढते. ग्रेट बॅरिअर रीफवर अशी मोठी साथ १९९८ आणि २००२ मध्ये आली होती. पुढे २०१६, २०१७, २०२०, २०२२, आणि मी गेलो त्या २०२४ मध्ये. मधली अंतरे पाहा.

सकाळी निघण्यापूर्वी ती एकटीच पुन्हा पाण्यात उतरली. दर फेरीला त्या पोवळ्याकडे जाऊन येते म्हणे, दवाखान्यात ठेवलेल्या आप्ताला भेटून यावे तशी. मीही मागोमाग गेलो. बुंध्याशी, सावलीच्या बाजूला, तळहाताएवढा तपकिरी डाग शिल्लक होता. तिने तो बोटाने दाखवला. हात लावला नाही.

वर आल्यावर म्हणाली, “नोव्हेंबरात या.” तिकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी पौर्णिमा उलटली, की चार-सहा रात्रींत असंख्य पोवळी एकाच वेळी आपली बीजे पाण्यात सोडतात. म्हणजे आपल्या त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे विझतात न विझतात तोच!

मला जाणे जमले नाही. त्रिपुरी होऊन आठवडा लोटल्यावर तिला पत्र टाकले, आपल्या त्या पोवळ्याचे काय झाले म्हणून. उत्तर आले, “रात्री उतरले होते. गुलाबी ठिपके इतके वर येत होते, की कुठला कुणाचा ते काही कळेना.”