उजेडाकडे तोंड करून

पहाटे साडेतीनला पुणं सोडलं. सोलापूर महामार्गाने भिगवण साधारण शंभर किलोमीटर, तिथून आत कुंभारगाव. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी या भागात पसरलं. त्या उथळ, गाळाच्या पाण्यात हिवाळा सरता सरता रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो उतरतात.

“आमचं जुनं गाव ह्याच पाण्याखाली,” होडी लोटताना नावाडी म्हणाला.

साडेसहाच्या सुमारास तांबडं फुटलं. सिल्हूटसाठी, म्हणजे उजेडापुढच्या काळ्या आकृतींसाठी, मला सूर्य उगवण्याआधीची हीच वीसेक मिनिटं सर्वांत मोलाची वाटतात. कड दिसल्यापासून अख्खं बिंब वर यायला दोन-अडीच मिनिटं पुरतात, आणि मग बघता बघता उजेड डोळ्यांत खुपायला लागतो. कॅमेऱ्याला समोर काळं दिसलं की तो ते उजळवायला जातो आणि आभाळ पांढरंफटक पडतं. म्हणून उजळ आभाळावर उजेड मोजला आणि तोच आकडा कायम ठेवला. पक्षी काळे पडले तरी चालतील, केशरी टिकायला हवा.

पक्षी काळे पडलेच. ज्या गुलाबीसाठी एवढ्या लांब आले, तो कुठेच नाही. उरली फक्त बाह्यरेषा, आणि तीही सापडेना. थव्यातले पाय एकमेकांत मिसळून काळं कुंपण झालेलं. शिवाय मी होडीत खाली बसलेले, त्यामुळे पैलतीराची काळी पट्टी नेमकी मानांच्या मागे येऊन त्यांना गिळत होती. जपून उभी राहिले. पट्टी मानांच्या वर सरकली आणि पक्षी चकाकत्या पाण्यापुढे सुटे दिसू लागले.

अजून जवळ जाऊ म्हटलं, तर नावाड्याने बांबू रोवला. “ताई, मुंड्या वर झाल्या बघा. आता हाललो तर उडतील.” रोहित चोच उलटी करून पाण्यात चरतो, सगळ्यांनी एकदम माना काढल्या म्हणजे आपण नको तितके पुढे आलो. फोटोसाठी थवा उडवणारे पुष्कळ पाहिलेत, आणि दर वेळी वाईट वाटतं. आम्ही थांबलो. माना हळूहळू खाली गेल्या. बऱ्याच वेळाने तिघे बाजूला झाले, त्यांच्यामध्ये उजेडाची फट पडली, एकाने मान वळवली. तेवढं मिळालं.

परतताना दूर एक मच्छीमार होडीत उभा दिसला. आमच्याकडे तोंड होतं तोवर हात अंगात बुडालेले, नुसता काळा खांब. मग तो बाजूला वळून जाळं ओढू लागला. कोपर अंगापासून सुटलं, नाक-हनुवटी उमटली, पाठीचा बाक दिसला. जाळ्यातून निथळणारं पाणी मागच्या उन्हाने पेटलं. मी बटण दाबलं.

नावाड्याला पडद्यावर दाखवलं. चेहरा कुठेच नव्हता.

“हे तर आमचे नाना,” तो लगेच म्हणाला. “डावा खांदा पडलेला दिसतोय न्हवं? जाळं ओढून ओढून झालाय तसा.”

“नानाऽऽ!” त्याने पाण्यावरून हाक दिली. त्या काळ्या आकृतीने जाळं न सोडता फक्त मान वळवली.