दोन बटलरांच्या मधले तांबे

चि. मनू हिस,


तू केंब्रिजहून पाठवलेली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या गव्हर्नरांची यादी पाहिली. वर सर माँटेग्यू बटलर, खाली पुन्हा बटलर आणि मधे १९२९ साली 'श्रीपाद बळवंत तांबे'. हे कोण, म्हणून विचारलंस. अगं, आपल्या अमरावतीचे वकील! बटलरसाहेबांच्या गैरहजेरीत थोडा काळ गव्हर्नरची खुर्ची त्यांनी सांभाळली. गंमत म्हणजे अमरावती ज्या वऱ्हाडात, ते कागदोपत्री निजामाचं, इंग्रजांकडे १९०२ पासून कायमच्या पट्ट्यानं. म्हणून इथून निवडून आलेल्यांची नागपूरच्या कौन्सिलवर पुन्हा रीतसर नेमणूक करावी लागे.

पण तांब्यांवरून जे रण माजलं, ते त्याआधीच, १९२५ साली. तांबे स्वराज्य पक्षाचे. कौन्सिलात शिरायचं ते सरकारची अडवणूक करायला, अधिकारपद घ्यायचं नाही, हा पक्षाचा दंडक. १९२४ मध्ये नागपुरात पक्षाच्या बहुमतानं मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपयांवर आणून ठेवला होता! तांबे पुढे कौन्सिलचे अध्यक्ष झाले, ते चाललं. ऑक्टोबर १९२५ मध्ये मात्र त्यांनी सरकारच्या कार्यकारी मंडळात गृहखातं घेतलं. आधीचे गृहसदस्य मोरोपंत जोशी. तेही अमरावतीचेच वकील.

पक्षाचे नेते मोतीलाल नेहरू भयंकर संतापले. पक्षातल्याच केळकर आणि जयकरांनी त्यांना उलट विचारलं: विठ्ठलभाई पटेल दिल्लीच्या असेंब्लीचे अध्यक्ष होतात, तुम्ही स्वतः सरकारच्या स्कीन कमिटीवर जाता, मग तांब्यांनीच काय घोडं मारलं? भांडण विकोपाला गेलं आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्यात, अधिकारपदं घ्यायला हरकत नाही म्हणणाऱ्यांचा, प्रतिसहकार पक्ष उभा राहिला. आपल्याकडचे मुंजे, अणे त्यातच.

मला मात्र केळकरांचा मुद्दा पुरता पटत नाही. पटेलांना सभागृहानं निवडलं होतं, तांब्यांना सरकारनं नेमलं. शिवाय गृह हे राखीव खातं. कौन्सिलनं कितीही ठराव केले तरी त्या माणसाला हलवता येत नसे. म्हणजे ज्या बहुमताच्या जोरावर ते मोठे झाले, त्याच्याच आवाक्याबाहेर जाऊन बसले. पण म्हणून त्यांना सरकारचा होयबा म्हणायलाही जीभ रेटत नाही. १९३२ च्या लोथियन मताधिकार समितीवर ते होते, डॉ. आंबेडकरही होते. तिच्या अहवालाला तांबे, चिंतामणी आणि बखले या तिघांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडली.

त्याच समितीत माँटेग्यूसाहेबांचा मुलगा रॅब बटलरही होता. बापाच्या खुर्चीवर बसून गेलेला वकील आणि तो एकाच टेबलाशी! रॅबचे कागद तुझ्या गावात ट्रिनिटी कॉलेजात आहेत. एखाद्या शनिवारी चौकशी कर, आणि त्यात तांब्यांविषयी चार ओळी सापडल्या तर मला उतरवून पाठव.

तुझा,
मामा