दुभाषी की तर्जुमा?

निजामाच्या राजवटीत नांदेड-लातूरकडे सरकारी कारभार उर्दूत चाले. 1948 साली ती राजवट संपली, पण आमच्या घरी जमिनीचा एक उर्दू दस्त राहिला. बांधाचा वाद निघाला की आजोबा एका जाणकार मौलवींना बोलावत. ते एकेक ओळ वाचून तिचा मराठी अर्थ सांगत. पुढच्या वादाच्या वेळी पुन्हा पहिल्या ओळीपासून. अखेर वडिलांनी सबंध तर्जुमाच करून घेतला. मूळ कागद मात्र जपला.

इंटरप्रिटर आणि कंपायलर यांतला भेद मला या दस्तामुळे उमगला. सी भाषेतला प्रोग्राम कंपायलर आधीच सबंध यंत्रभाषेत उतरवतो. त्यामुळे तो वेगाने चालतो. पायथनमध्ये दुभाषी प्रत्येक वेळी सोबत लागतो. (तोही आधी बाइटकोडची टिपणे काढतोच, हा भेद पुस्तकात दिसतो तितका सोवळा नाही.)

लातूरच्या एका आडत्याकडे हिशेबाचा जुना प्रोग्राम होता. करणारा तयार तर्जुमा ठेवून गेला, मूळ संहिता घेऊन गेला. तोलाईची रीत बदलली आणि सारे अडले. मी नवा प्रोग्राम पायथनमध्ये लिहिला. तुरीच्या पट्ट्या करायला वेग असा कितीसा लागतो? इथे जे चालते तेच वाचता येते. गेल्या हंगामात हमालीचा हिशेब त्यांच्या मुलाने स्वतःच दुरुस्त केला.