वाहतं क्रियापद

ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी शब्दकोशाची नवी आवृत्ती तयार होत असताना 'रन' हे क्रियापद पीटर गिलिव्हर या संपादकांच्या वाट्याला आलं. जेमतेम तीन अक्षरांच्या या शब्दापायी त्यांचे नऊ महिने खर्ची पडले आणि हाती आले ६४५ अर्थ. त्याआधी, १९८९च्या आवृत्तीत, सर्वाधिक अर्थांचा मान 'सेट'कडे होता. त्याचे अर्थ सुमारे ४३०.

त्या नऊ महिन्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. भारदस्त शब्दांचं काम तसं सोपं. 'फोटोसिंथेसिस' एकदा समजला की समजला. 'रन' असा हातात राहत नाही. नदी, नळ, नाक, कारखाना, घड्याळ, खटला, करार, कुंपण, अफवा, सगळ्यांना तोच शब्द. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला 'रन' करतो, इंग्लंडात 'स्टँड', म्हणजे उभा राहतो. (या बाबतीत आपण इंग्लंडच्या बाजूचे.)

आपल्याकडे मुलं आधी 'रन म्हणजे पळणे' पाठ करतात आणि पुढे 'रन आउट', 'रन इन्टू', 'रन डाउन' अशा याद्या. ही घोकंपट्टी मला मुळीच पटत नाही. अर्थ एकमेकांतून कसे निघाले हे मुलांना दिसतच नाही. माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणारी एक मुलगी नव्या कुर्त्याला लावलेली चिठ्ठी घेऊन आली. कपड्याचा रंग 'रन' होऊ शकतो, असं त्यावर छापलं होतं. "रंग पळेल कुठे?" तिचा प्रश्न अगदी रास्त होता. मी पेलाभर पाणी आणलं आणि ओढणीचं टोक त्यात बुडवायला सांगितलं. थोड्या वेळाने लाल रंगाची एक बारीक रेघ सुटली, वळणं घेत खाली उतरली, तळाशी पसरली. "वाहतोय की!" ती म्हणाली.

आणि वाहणं हा या शब्दाचा मागाहून चिकटलेला अर्थ नाही. जुन्या जर्मॅनिक भाषांतल्या 'रिन्नान'मध्ये धावणं आणि वाहणं दोन्ही होतं. आजच्या जर्मनमधलं 'रिनन' तर वाहण्या-पाझरण्यापुरतंच उरलंय. हे एकदा ध्यानात आलं की नळ आणि नाक आपोआप जागेवर बसतात. धार न तुटता पुढे जाणं, एवढं धरून ठेवलं की करार, कुंपण आणि नाटकही. लंडनमधलं 'द माउसट्रॅप' १९५२ साली सुरू झालं आणि २०२०च्या कोरोनापर्यंत त्याचे प्रयोग सलग चालू राहिले. इंग्रजीत ते 'रन'.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जुन्या इंग्रजीत धावण्याला एक क्रियापद होतं आणि घोडा पळवण्याला त्याचंच भावंड असलेलं दुसरं. कालांतराने दोन्ही एकाच 'रन'मध्ये मिसळली. मराठीने हा भेद एका 'व'वर सांभाळलाय: पळणं-पळवणं, चालणं-चालवणं. इंग्रजीत दुकानही 'रन' होतं आणि दुकानदारही ते 'रन' करतो. मग गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या, संगणक आले. यंत्र स्वतः फिरतं आणि माणूस ते फिरवतो, या दोन्हींसाठी इंग्रजीकडे एकच शब्द तयार होता, आणि प्रत्येक नव्या यंत्राबरोबर त्याच्या अर्थांत भर पडत गेली. आपल्याकडे ते सारं 'चालणे'कडे आलं. गिरणी चालते, गाडी चालते, प्रोग्रॅमही चालतो. त्या मुलीला आता मी 'चालणे'चे अर्थ जमवायला सांगितलंय.