‘करप्ट झाली’ हे उत्तर नव्हे

चळवळीतल्या कुठल्याही कार्यकर्त्याला विचारा, मागच्या काही वर्षांतले मोर्चे, बैठका, वस्त्यांची सर्वेक्षणे यांचे फोटो कुठे आहेत? बहुतेक वेळा उत्तर येते, ‘होते, पण फाईल करप्ट झाली.’ हे वाक्य कुणी वारल्याची बातमी द्यावी तसे सांगितले जाते आणि ऐकणाराही पुढे काही विचारत नाही. आमचा आक्षेप नेमका इथे आहे. करप्ट होणे हा परिणाम आहे, कारण नव्हे. कारण शोधता येते, आणि ते शोधले तर बऱ्याचदा फोटोही परत मिळतात.

आधी हे होते कसे ते समजून घेऊ. कॅमेऱ्यातला जेपीईजी फोटो म्हणजे दाबून बसवलेल्या आकड्यांची साखळी. मागची कडी नीट वाचली तरच पुढची लागते. म्हणून मध्येच एखादा तुकडा बिघडला की फोटोचा वरचा भाग धड दिसतो आणि तिथून खाली करडा पट्टा किंवा भलतेच रंग दिसतात. शिवाय त्याच फाईलच्या सुरुवातीला कॅमेरा एक छोटी प्रत ठेवतो, साधारण 160 बाय 120 पिक्सेलची. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पुष्कळदा हीच छोटी प्रत दिसते. म्हणून ‘कॅमेऱ्यात तर दिसतोय’ एवढ्यावर विसंबू नये. कॅमेऱ्यातच फोटो मोठा करून पाहावा.

मराठवाड्यातल्या एका गावात आम्ही वस्तीच्या पाण्याचे सर्वेक्षण करत होतो. चार दिवस घरोघरी फिरलो. कोरडा पडलेला आड, बंद हापसा, पहाटेपासून लावलेल्या घागरींची रांग, सगळ्याचे फोटो घेतले. ते निवेदनासोबत जोडायचे होते. तालुक्याच्या एका दुकानात कार्ड संगणकाला लावले, तर निम्मे फोटो अर्धवट उघडले. दुकानदार म्हणाला, ‘कार्ड गेलं, दादा. फॉरमॅट मारून देतो, पुन्हा काढा.’ पण पुन्हा काय काढणार? सर्वेक्षणाची कुणकुण लागताच गावात टँकर सुरू झाला होता. घागरींची रांग आता दिसणार नव्हती.

आम्ही कार्ड काढून घेतले आणि त्याच्या बाजूची बारीक कळ ‘लॉक’कडे सरकवली. मग समाजशास्त्राच्या वर्गात शिकलो तेच केले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडतो ते पाहायचे. त्याच संगणकावर त्याच रीडरमधून एकच फोटो तीनदा कॉपी केला, तर तो तीनही वेळा वेगवेगळ्या जागी तुटला. कार्डावरची फाईल बिघडलेली असती तर ती दरवेळी एकाच जागी तुटली असती. म्हणजे दोष वाटेत होता, रीडरमध्ये किंवा संगणकात. त्याच संगणकाला दुसरा रीडर लावला आणि बहुतेक फोटो स्वच्छ उतरले. दुकानदाराचे ऐकले असते तर धडधाकट कार्ड पुसले गेले असते.

सात फोटो मात्र कुठल्याही रीडरने, कुठल्याही संगणकावर त्याच जागी तुटत राहिले. तिथे दोष कार्डाचाच होता. हापशापाशी बसलेल्या एका आजीचा फोटो त्यांत होता. तिची तेवढी छोटी प्रत हाती लागली. तिच्यात आजी ओळखू येते, हापशाला बांधलेली साखळी दिसत नाही. आणि दाखवायची होती ती साखळीच.

कार्डावरचे फोटो पुसले गेले किंवा संगणक ‘फॉरमॅट करायचे का?’ असे विचारू लागला, तरी घाबरून ‘हो’ म्हणू नका. फोटो डिलीट केल्यावर सहसा फक्त त्याची नोंद खोडली जाते. त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तिथेच असतो. म्हणून त्या कार्डावर एकही नवा फोटो काढायचा नाही. फोटोरेक नावाचे मोफत सॉफ्टवेअर फाईलच्या सुरुवातीच्या खुणा शोधून फोटो बाहेर काढते. ते सापडलेले फोटो त्याच कार्डावर न ठेवता दुसऱ्या डिस्कवर ठेवायचे. दुरुस्तीच्या नावाखाली कार्डावरच लिहिणारे प्रोग्राम आधी चालवायचे नाहीत.

काहीजण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आहेतच की. हा युक्तिवाद टिकत नाही. तिथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आणखी दाबला जातो आणि तो कधी, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही आतली नोंद गळून पडते. जालना मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी स्पष्ट केले, की मूळ साधन न्यायालयापुढे आणले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कलम 65ब(4) चे प्रमाणपत्र लागतेच. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ही तरतूद कलम 63 मध्ये आहे आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाईलचा हॅशही लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाईलमधून गणिताने काढलेली खूण. एक बिट बदलला तरी ती बदलते. कॉपी नीट झाली का, हे तपासायलाही हीच खूण उपयोगी पडते. मूळ फाईलचा आणि प्रतीचा हॅश जुळला, की वाटेत काही बिघडले नाही एवढे पक्के होते.

म्हणून प्रत्येक शाखेने, प्रत्येक अभ्यासगटाने एवढे ठरवून घ्यावे. फोटो ‘कट’ करायचे नाहीत, ‘कॉपी’ करायचे. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती झाल्या, त्या मोठ्या करून पाहिल्या, हॅश जुळले, की मगच कार्ड रिकामे करायचे. संगणकाला ‘इजेक्ट’ सांगितल्याशिवाय कार्ड उपसायचे नाही. हे काम कुणा एकाच्या नावावर लिहून ठेवावे, म्हणजे ते ‘सगळ्यांचे’ म्हणून कुणाचेच राहणार नाही.

वस्तीतली माणसे आपल्याला घरात घेतात, रिकामी भांडी दाखवतात, कॅमेऱ्यासमोर उभी राहतात, ती कुठेतरी दखल घेतली जाईल या भरवशावर. सुनावणीच्या दिवशी ‘पुरावा कुठे आहे?’ असे विचारले जाते, तेव्हा ‘करप्ट झाला’ हे उत्तर समोरच्याला सोयीचे असते. ते त्याला आयते देऊ नका.