बिनबिल्ल्याच्या गाई

अमेरिकेला जाऊन नायगारा न पाहता परत येणे आणि वर गावभर गाईंच्याच गोष्टी सांगत सुटणे, हे एखाद्या मराठीच्या मास्तरालाच जमायचे! 2025 च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी थोरल्या बहिणीकडे विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनला गेलो होतो. हा मुलूख दूधदुभत्याचा. मोटारींच्या पाट्यांवरसुद्धा "अमेरिकेची डेअरीभूमी" असे छापलेले. दोन दिवसांत शहर पाहून झाले. तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, तुम्हांला घोड्यांनी नांगरलेली जमीन दाखवतो, चला."

अडीच तासांच्या प्रवासानंतर आम्ही क्लार्क काउंटीत, निल्सव्हिल गावी पोचलो. गावाच्या रस्त्यालगत फायबरग्लासची सोळा फूट उंच गाय उभी आहे. बोलकी गाय म्हणून तिची ख्याती. आम्हांला मात्र मुक्या गाई पाहायच्या होत्या, म्हणून मोटार आडरस्त्याला घातली.

आणि वाचकहो, शंभर वर्षे मागे गेल्यासारखे वाटले! तारा नसलेली घरे, दोरीवर वाळत घातलेले निळे-काळे कपडे, आणि काळी घोडागाडी हाकणारा दाढीवाला गृहस्थ. हे आमिश लोक. घरात जर्मन वळणाची बोली, शेतात घोडे, आणि घरापर्यंत विजेची तार आणायची नाही हा धर्माचा नेम. एका फाटकावर पाटी होती: "अंडी, मध. रविवारी विक्री नाही." आम्ही उतरलो.

मालक गोठ्याशी होता. फोटो काढू नका, एवढे त्याने आधी सांगितले. तेवीस गाई, काळ्या-पांढऱ्या. मी सवयीने पहिल्यांदा कान पाहिले. बहुतेकींचे मोकळे! आमच्या दादाच्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडे. मी त्याला ते सांगितले. तो हसला नि म्हणाला, "तुमच्याकडे बारा का? आमच्याकडे पंधरा मागत होते."

त्या पंधरा आकड्यांची हकीकत अशी. डिसेंबर 2003 मध्ये वॉशिंग्टन राज्यात एका गाईला मेंदू सडवणारा 'मॅड काउ' रोग निघाला. ती कॅनडातून आलेली. देशोदेशींनी अमेरिकेचे गोमांस घेणे थांबवले आणि सरकार हादरले. मग राष्ट्रीय पशु-ओळख योजना निघाली. प्रत्येक गोठ्याची नोंद, प्रत्येक जनावराला पंधरा आकडी क्रमांक, आणि जनावर हलले की त्याची वर्दी. म्हणजे रोग निघताच 48 तासांत माग लागावा. विस्कॉन्सिनने तर सगळ्यांच्या आधी कायदाच करून गोठ्याची नोंद सक्तीची केली. परसात एक कोंबडी असली तरी नोंद!

शेतकरी खवळले. यांत नुसते आमिश नव्हते. पश्चिमेकडचे गुराखी, सेंद्रिय शेतीवाले, हौसेने चार शेळ्या पाळणारे, असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक एका बाकावर बसले. त्यांचे दुखणे नेमके होते. कारखान्यासारख्या गोठ्यांतली हजारो डुकरे, कोंबड्या एकत्र वाढतात, एकत्र हलतात, म्हणून त्यांच्या अख्ख्या कळपाला एकच क्रमांक पुरे. आणि दहा गाईवाल्याने मात्र दहा बिल्ले विकत घ्यायचे. 2009 मध्ये शेतीखात्याने गावोगाव सभा घेऊन लोकांचे म्हणणे ऐकले, ते बहुतांशी विरोधाचेच निघाले. बारा कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाल्यावर फेब्रुवारी 2010 मध्ये ती योजना गुंडाळण्यात आली.

आमिशांची हरकत निराळी. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात श्वापदाच्या खुणेची कथा आहे. ती खूण नसेल त्याला काही विकता येणार नाही की घेता येणार नाही. क्रमांकाची वाट तिकडेच जाते, असे त्यांना वाटले. याच काउंटीतल्या एका आमिश शेतकऱ्याने नोंद नाकारली, सरकारने खटला भरला, आणि 2010 मध्ये इथल्या न्यायाधीशाने शेतकऱ्याच्या बाजूने कौल दिला. या राज्यातल्या आमिशांना कोर्ट नवे नाही. आठवीपुढे मुलांना शाळेची सक्ती नको, म्हणून ते 1972 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन जिंकले होते.

खरेदी-विक्रीचे ते वाक्य ऐकून मी चपापलो. आमच्या महाराष्ट्रात जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय जनावर बाजारात विकता येत नाही, असा नियम झाला आहे. मी ते बोललो नाही. दुसरेच बोललो.

"2022 मध्ये आमच्याकडे लम्पी रोग आला. अंगभर गाठी. दादाचा खिल्लार बैल आठ दिवसांत गेला. शेजाऱ्याने बाजारातून एक खोंड आणले होते, त्याच्या मागोमाग रोग आला असे गाव म्हणते. ते खोंड कुठून आले हे कोणालाच सांगता आले नाही."

त्याने टोपी मागे सारली. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारले, "नाव काय होते बैलाचे?"

"सर्जा."

"ते खोंड कुठले हे कळायला हवे होते," तो म्हणाला. "माझी गाय आजारी पडली, तर मी स्वतः शेजाऱ्याकडे चालत जाऊन सांगेन. पण न विकलेल्या, न हललेल्या गाईचा हिशेब मी रोज कोणाला का द्यावा?"

मला उत्तर सुचले नाही. पुढे त्यांच्या सरकारने जवळपास हीच वाट धरली. 2013 पासूनचा नियम मुख्यतः राज्याची हद्द ओलांडणाऱ्या जनावरांपुरता आहे. नोव्हेंबर 2024 पासून हद्द ओलांडणाऱ्या दुभत्या गाईंना यंत्राने वाचता येईल असा बिल्ला लागतो, आणि त्यावर पुन्हा कुरकुर सुरू आहे. पण त्याच वर्षी मार्चमध्ये टेक्सस नि कॅन्ससच्या गाईंत बर्ड फ्लू सापडला होता, हेही विसरून चालत नाही.

त्याने डझनभर अंडी दिली, मोजून पैसे घेतले. निघताना एक गाय आपली आपण दाव्याशी येऊन उभी राहिली. त्याने तिला नावाने हाक मारली; मला ते नाव कळले नाही, तिला कळले.

जुलैत बेंदराला गावी गेलो. दादाने नवा बैल घेतला आहे. शिंगे रंगवली, गोंडे बांधले, अंगावर झूल घातली. कानात पिवळा बिल्ला होताच. मी विचारले, "दादा, बिल्ल्याचा राग नाही ना येत?"

"राग कसला? बाजारात उभं तरी करू देतात," तो म्हणाला. मग बैलाच्या कानामागे खाजवत म्हणाला, "पण भोक पाडलं त्या दिवशी यानं वैरण खाल्ली नाही. ते कुठं लिहितात का रे?"